ग्राफिक्स कार्डाआधी: लाइटरूमसाठी जुन्या संगणकात नेमकं काय बदलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. साताऱ्यातले एक निवृत्त गृहस्थ फुलांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढतात. पावसाळा संपत आला की त्यांची कासला फेरी असतेच, आणि प्रत्येक फेरीत पाच-सहाशे रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेले मूळ फोटो) जमतात. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. संगणक २०१८ साली असेंबल करून घेतलेला: आय५-८४०० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबीची हार्ड डिस्क, एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. लाइटरूम क्लासिक या फोटो निवडायच्या आणि सुधारायच्या प्रोग्राममध्ये एका फोटोवरून दुसऱ्यावर जायला तीन-चार सेकंद लागतात, फोटोशॉप उघडलं की सगळंच अडकतं. दुकानदाराने सांगितलं, "चांगलं ग्राफिक्स कार्ड टाका, पळायला लागेल." हाताशी साधारण पस्तीस हजार रुपये आहेत. कोणतं कार्ड घ्यावं?

माझं उत्तर: आत्ता कोणतंच घेऊ नका. आधी एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी, फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क), मग रॅम (चालू काम हाताशी ठेवणारी मेमरी). कार्डाचा विचार त्यानंतर, आणि तोही फक्त एका विशिष्ट कामासाठी. कोल्हापूर-सांगलीकडच्या स्टुडिओंचे संगणक मी सतरा वर्षं जुळवतोय आणि दुरुस्त करतोय. या काळात चुकीच्या भागावर पैसे घालून पुन्हा तिथेच अडकलेली माणसं इतकी पाहिलीत की हे उत्तर जरा विस्ताराने लिहितो.

लाइटरूमचा "स्लोपणा" ही एक गोष्ट नाही. फोटो मेमरी कार्डावरून आत घेताना, ग्रिडमध्ये चाळताना, डेव्हलप या एडिटिंगच्या भागात स्लायडर ओढताना, शेवटी जेपीईजी काढताना (एक्सपोर्ट) आणि फोटोतला दाणेदारपणा घालवणारं एआय डिनॉइज चालवताना संगणकाचा दर वेळी वेगळा भाग राबत असतो. चाळताना मुख्य काम डिस्कचं. प्रीव्ह्यू (फोटो पटकन दाखवायला बनवलेल्या प्रती) बनवताना आणि एक्सपोर्टला प्रोसेसरचे सगळे कोअर कामाला लागतात. डिनॉइज जवळजवळ पूर्ण ग्राफिक्स कार्डावर चालतं. म्हणून "माझं लाइटरूम हळू चालतं" असं कोणी म्हणालं की मी आधी विचारतो, नक्की काय करताना?

हे घरी बसून तपासता येतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबची खिडकी बाजूला ठेवा आणि नेहमीचं काम सुरू करा. फोटो बदलताना अडकलं त्या क्षणी तिकडे बघा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर वीस-तीस टक्क्यांवर लोळत असेल, तर प्रोसेसर डिस्ककडून माल यायची वाट बघत बसला आहे. मेमरी नव्वदच्या वर असेल तर रॅम संपली आहे. प्रोसेसर १०० वर आणि बाकीचे निवांत असतील, तरच प्रोसेसर कमी पडतोय म्हणायचं. त्याच ठिकाणी मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट वापरात आहेत आणि रॅम कोणत्या वेगाने चालते तेही दिसतं.

एक काम आजच करा. घड्याळ लावून चार कामांचा वेळ मोजा आणि वहीत लिहून ठेवा: शंभर फोटोंचे वन-टू-वन (पूर्ण आकाराचे) प्रीव्ह्यू बनायला किती वेळ लागतो, पन्नास फोटो जेपीईजी करायला किती, एका फोटोचं डिनॉइज व्हायला किती, आणि फोटोशॉप उघडून त्यात एक फोटो यायला किती. हे आकडे नसतील तर पैसे खर्च केल्यावर फरक पडला की नुसता पडल्यासारखा वाटला, हे कधीच कळत नाही.

तुमच्या वर्णनावरून मला जवळपास खात्री आहे की डिस्क आणि मेमरी दोन्ही टोकाला गेलेल्या दिसतील. का ते सांगतो.

लाइटरूमचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची आणि त्यांच्यावरच्या एडिटिंगची नोंदवही, आतून एक एसक्यूलाइट डेटाबेस असतो. तुम्ही एक बाण दाबून पुढच्या फोटोवर जाता तेव्हा कॅटलॉगमधल्या नोंदी, प्रीव्ह्यूच्या फोल्डरमधली एक छोटी फाइल, कॅमेरा रॉची कॅश (आधी उलगडलेल्या फोटोंचा तात्पुरता साठा) आणि मूळ रॉ फाइल अशा डिस्कवरच्या अनेक ठिकाणांहून थोडं थोडं वाचलं जातं. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि वाचणारं डोकं सरकतं. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला नव्या ठिकाणी पोहोचून वाचायला सरासरी १२-१३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण ऐंशी ठिकाणं. एसएसडीत सरकणारं काहीच नसतं, ती सेकंदाला हजारो ठिकाणांहून वाचते. तुमच्या तीन-चार सेकंदांतला मोठा वाटा हे डोकं इकडून तिकडे पळण्यात जातो. मोठी सलग फाइल कॉपी करताना तीच हार्ड डिस्क ठीक वाटते, त्यामुळे दोष तिचा आहे हे पटकन ध्यानात येत नाही.

आता रॅम. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये फोटोशॉपला दिला की प्रत्येक पिक्सेलचे तीन रंग, प्रत्येक रंगाला दोन बाइट. दोन कोटी चाळीस लाख गुणिले सहा, म्हणजे एक पूर्ण भरलेला लेयर सुमारे १४४ एमबी. पाच-सहा लेयर, वर हिस्टरी, की एकाच फोटोला जीबीभर जागा लागते. कासच्या पठाराचा पॅनोरमा जोडून शंभर मेगापिक्सेलचा केलात तर एकेक लेयर ६०० एमबीचा. तुमच्याकडे आहेत ८ जीबी. त्यातले तीनेक विंडोज आणि ब्राउझर घेतात, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स आपला वाटा याच रॅममधून उचलतं आणि लाइटरूम मागे उघडंच असतं. रॅम संपली की विंडोज उरलेला माल डिस्कवर टाकू लागतं. रॅम एका मागणीला साधारण १०० नॅनोसेकंदांत उत्तर देते, हार्ड डिस्क १० मिलिसेकंदांत. हा एक लाख पटींचा फरक आहे. फोटोशॉप उघडल्यावर "सगळंच अडकतं" म्हणता, ते हेच.

म्हणून तुमच्या घरी या दोन गोष्टी एकत्रच बदलायला हव्यात. नुसती रॅम वाढवली तर चाळणं तसंच रखडेल, आणि नुसती एसएसडी टाकली तर पॅनोरमा जोडताना ती रॅमचं ओझं वाहत बसेल.

एसएसडी १ टीबीची घ्या. ५०० जीबीत विंडोज, प्रोग्राम आणि कॅटलॉग मावतात, पण चालू वर्षाच्या रॉ फाइलही तिच्यावर असाव्यात असं माझं मत आहे, आणि एसएसडी काठोकाठ भरली की मंदावते, निदान पाचवा हिस्सा मोकळा हवा. एसएसडी दोन प्रकारची मिळते: जुन्या साटा जोडणीची आणि जास्त वेगवान एनव्हीएमई. दुकानात एनव्हीएमईचा आग्रह होईल. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वाचते, तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते. कागदावर सहापट. पण तुमची एक रॉ फाइल २५-३० एमबीची. साटा एसएसडी ती सेकंदाच्या विसाव्या भागात वाचून मोकळी होते, आणि ती उलगडून तिचं चित्र करायला प्रोसेसरला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येणं ही मोठी उडी आहे, तिथून एनव्हीएमई ही लहानशी पायरी. शिवाय एच३१० चिपसेटकडे फक्त पीसीआयई २.० च्या लेन (डेटाचे जुने, कमी वेगाचे रस्ते) आहेत, आणि काही स्वस्त बोर्डांवर एम.२ स्लॉट (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) नसतोच किंवा तो फक्त साटाची पट्टी घेतो. बोर्डाचा मॉडेल नंबर बघून त्याचं मॅन्युअल उघडा आणि त्या स्लॉटपुढे काय लिहिलंय ते वाचूनच पट्टी घ्या. शंका असेल तर अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ती या बोर्डाला हमखास चालते.

अगदी स्वस्त एसएसडी मात्र टाळा. त्यांच्यात सुरुवातीचे काही जीबी लिहून होईपर्यंत वेग छान दिसतो, मग आतली वेगवान जागा भरते आणि तो हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो. पूर्ण मेमरी कार्ड ओतताना नेमकं हेच घडतं. पाच वर्षांची वॉरंटी आणि लिहिण्याची मर्यादा खोक्यावर स्पष्ट छापलेली असेल अशीच घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणार असाल तर पक्कं बिल मागा. त्यावर सीरियल नंबर हवा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी अडचण होते.

रॅमसाठी १६ जीबी ही तुमची किमान गरज, ३२ झाली तर पॅनोरमाही निवांत जोडता येतील. तुमच्या बोर्डला डीडीआर४ लागते. डीडीआर५ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसतच नाही. आय५-८४०० रॅमला जास्तीत जास्त २६६६ चा वेग देतो, तेव्हा ३२०० किंवा ३६०० च्या पट्टीला जास्त पैसे मोजू नका, ती २६६६ वरच चालेल. सगळ्यात महत्त्वाचं, पट्ट्या दोन हव्यात. एकच पट्टी असली की प्रोसेसर आणि रॅममधला अर्धा रस्ता बंद असतो. दोन सारख्या पट्ट्या लावल्या की दोन्ही बाजू चालू होतात, आणि वेगळं कार्ड नसलेल्या संगणकाला तर हा फरक जास्तच जाणवतो, कारण ग्राफिक्ससुद्धा त्याच रस्त्याने ये-जा करतं. १६ जीबीच्या दोन पट्ट्या उत्तम. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे ते जमत नसेल तर आहे तिच्यासारखीच दुसरी ८ जीबीची पट्टी लावा. डीडीआर४ वापरलेली घ्यायलाही माझी हरकत नाही. रॅम झिजत नाही, लावल्यावर मेमटेस्ट ८६ रात्रभर चालवून बघा, एकही चूक दिसली तर परत करा. एसएसडी मात्र वापरलेली कधीच घेऊ नका.

तुमची जुनी हार्ड डिस्क जुन्या फोटोंच्या साठ्याला चालेल, पण आधी तिची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे. त्यात रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या आणि नीट वाचता न येणाऱ्या जागांच्या, पुढे शून्य असायला हवं. काही वर्षांपूर्वी लग्नाचे फोटो काढणारा एक मुलगा माझ्याकडे आला. लाइटरूम रखडतंय म्हणून पूर्ण नवा संगणक घ्यायचं त्याने ठरवलं होतं. डिस्क तपासली तर पेंडिंग सेक्टर शेकड्यांनी. डिस्क मरायला टेकलेली होती, तीच जागा पुन्हापुन्हा वाचून बघत होती आणि त्याला ते "स्लो" दिसत होतं. रात्रभर बसून आम्ही जमेल तेवढं उतरवून घेतलं. एका घरच्या हळदीचे दोन फोल्डर गेले ते गेलेच. त्या घरात काय सांगायचं हा प्रश्न त्याला पडला होता आणि माझ्याकडेही उत्तर नव्हतं. तेव्हापासून वेगाची तक्रार आली की मी सगळ्यात आधी डिस्कची तब्येत बघतो.

कॅबिनेट उघडणारच आहात तर धूळ काढा. सात-आठ वर्षांत प्रोसेसरवरच्या पंख्याखाली धुळीची गादी जमते आणि थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला मधे लावलेला लेप) वाळते. प्रोसेसर फार तापला की स्वतःच वेग कमी करतो, म्हणून एक्सपोर्टचे पहिले काही फोटो भरभर आणि पुढचे सावकाश होतात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून खराब होतं. मग नवी पेस्ट लावा. याला खर्च दोनशे-तीनशे रुपयांचा आणि वेळ एका दुपारचा.

आता कार्डाकडे. लाइटरूममध्ये कार्डाचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे. पहिलं, डेव्हलपमध्ये स्लायडर ओढताना, आणि त्यातही फोर-के मॉनिटर असेल तर. फोर-केचे पिक्सेल फुल एचडीच्या चौपट असतात. तुमचा मॉनिटर फुल एचडी असेल तर प्रोसेसरमधलं ग्राफिक्स बऱ्यापैकी निभावतं. दुसरं म्हणजे एप्रिल २०२३ मध्ये आलेलं एआय डिनॉइज. एक्सपोर्टमध्येही २०२२ पासून कार्डाची मदत होते, पण डिनॉइजचा फरक प्रचंड आहे. तुमच्या आत्ताच्या संगणकावर एका फोटोला कित्येक मिनिटं लागतात ते काम चांगलं कार्ड काही सेकंदांत संपवतं. डिनॉइजच्या खिडकीत अंदाजे वेळ दाखवतात, तो बघा.

म्हणून प्रश्न स्वतःला विचारायचा आहे. कासची फुलं बहुतेक दिवसाउजेडी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, जास्त तितका दाणेदारपणा) ४०० च्या आसपास काढता. त्यांना डिनॉइज लागत नाही. पण पहाटे झाडीत ६४०० आयएसओवर पक्षी टिपत असाल आणि एका फेरीतले पन्नास-साठ फोटो डिनॉइज करायचे असतील, तर कार्ड तुम्हाला खरोखर उपयोगी आहे. तसं असेल तर एनव्हिडियाचं आरटीएक्स मालिकेतलं, निदान ८ जीबी मेमरीचं घ्या. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, जुन्या आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबीवाल्या कार्डाला १७०. तुमच्या बोर्डावर दोन्ही चालतील. अडचण येते ती एसएमपीएसची, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याची. २०१८ साली कार्डाशिवाय असेंबल केलेल्या संगणकात सहसा साधा एसएमपीएस असतो आणि त्याला कार्डाची आठ पिनांची वायरच नसते. तिथे जोड लावून काम भागवू नका. एका स्टुडिओत असा जोड जळून त्याच्यासोबत मदरबोर्ड गेलेला मी पाहिला आहे. नावाजलेला ५५० वॅटचा एसएमपीएस कार्डाच्या खर्चातच धरा, आणि कॅबिनेटमध्ये कार्डाची लांबी मावते का तेही पट्टीने मोजा.

प्रोसेसर बदलू नका. या बोर्डावर पुढची पायरी नवव्या पिढीची आहे, ती आता बहुतेक वापरलेलीच मिळते, आणि त्या पैशांत मिळणारा फायदा फार थोडा. सहा कोअरचा आय५-८४०० अजून बऱ्याच कामाचा आहे. ४५ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्याल त्या दिवशी बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम असा पूर्ण संच बदला, मधे तुकड्यातुकड्याने नको.

काही गोष्टी फुकट आहेत. लाइटरूमच्या प्रेफरन्सेसमध्ये कॅमेरा रॉ कॅश पाच जीबीवर असेल तर वीसवर न्या आणि तिची जागा एसएसडीवर ठेवा. त्याच परफॉर्मन्स पानावर मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रीव्ह्यू (रॉ फाइलची लहान प्रत) वापरून एडिटिंग करायचा पर्याय आहे. स्मार्ट प्रीव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सेल असते, म्हणून स्लायडर हलके चालतात, आणि एक्सपोर्ट मात्र मूळ फाइलवरूनच होतो. स्टँडर्ड प्रीव्ह्यूचा आकार मॉनिटरइतकाच ठेवा. चेहरे शोधणं आणि पत्ता शोधणं बंद करा, फुलांच्या फोटोंना ते कशाला? कासहून आल्यावर फोटो आत घेताना वन-टू-वन प्रीव्ह्यू बनायला लावा आणि जेवायला जा, परत येईपर्यंत निवडीसाठी सगळं तयार असेल. आठवड्यातून एकदा फाइल मेन्यूतलं ऑप्टिमाइझ कॅटलॉग चालवा. आणि बॅकअप्स फोल्डरमधल्या कॅटलॉगच्या जुन्या प्रती बघून काढा. काहींच्या संगणकात त्या पन्नासहून जास्त निघतात आणि एसएसडीची जागा खातात.

बसवायच्या दिवसाबद्दल. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा नव्या एसएसडीवर थेट विंडोज ११ नव्याने टाका, जुनी डिस्क क्लोन करू नका. तुमचा आठव्या पिढीचा प्रोसेसर त्याच्या अधिकृत यादीत आहे, फक्त बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) इंटेल पीटीटी, म्हणजे विंडोज ११ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय, चालू करावी लागेल. त्याआधी सगळे फोटो आणि कॅटलॉगचा फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. फोटोंच्या ड्राइव्हला आधी जे अक्षर होतं तेच नव्या विंडोजमध्ये द्या, म्हणजे लाइटरूमला फोटो सापडतील. तरी एखाद्या फोल्डरवर प्रश्नचिन्ह दिसलं तर घाबरू नका. त्याच्यावर उजवं क्लिक करून फाइंड मिसिंग फोल्डर म्हणा आणि जागा दाखवा. नव्याने आत घेऊ मात्र नका, नाहीतर आधीचं सगळं एडिटिंग त्या नव्या नोंदींना जोडलेलं नसेल. घरी यूपीएस नसेल तर उरलेल्या पैशांतून तो पहिला घ्या. कॅटलॉग लिहिला जात असताना वीज गेली तर तो बिघडू शकतो, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही.

हे सगळं बसलं की आठवडाभर नेहमीसारखं काम करा. मग वही काढा, तेच शंभर फोटो, तेच पन्नास, तोच एक डिनॉइजचा फोटो आणि फोटोशॉपचं उघडणं पुन्हा घड्याळावर मोजा. पहिले दोन आणि फोटोशॉपचा आकडा तुमच्या सोयीचे झाले आणि फक्त डिनॉइजचा राहिला, तर त्या आकड्यासह मला कळवा. मग तुम्ही किती पक्षी टिपता ते बघून कार्डाचं बोलू.